वाटेवरच्यालाही पुरू दे

"मोठ्यानं म्हण, मीटा. देव काही बहिरा नाही, पण वाटेवरचा माणूस लांब असतो."

आईनं हे मला सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती मळ्यावर मालकांकडे स्वयंपाकीण होती. जेवण तयार झालं की ती दाराची वरची फळी उघडायची, रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "देवा, दिलंस ते भरपूर आहे. जो अजून वाटेवर आहे, त्यालाही पुरू दे." मग दहा श्वास थांबायचं आणि मगच झाकण काढायचं. आमच्या कारूच्या कोरड्या, ओसाड माळावर एका घरातून दुसरं घर दिसत नाही. पण वारा पडलेला असला की आवाज कुठच्या कुठे जातो. त्या दहा श्वासांत कितीतरी गाढवगाडीवाले, मेंढ्या कातरणारे आणि वाट चुकलेले पाहुणे आमच्या दाराशी येऊन उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

त्या दिवशी आईनं माझ्याकडून दोन गोष्टी वदवून घेतल्या. एक, कुणाच्याही पुढ्यात, तो दोन पायांचा असो की चार, अन्न ठेवायचं ते हे म्हणूनच. आणि दुसरी, रिकाम्या भांड्यावर हे कधी म्हणायचं नाही. दुसरीचं कारण असं की भातुकली खेळताना मी रिकाम्या डब्यावर प्रार्थना म्हणताना सापडले होते.

"देवाची थट्टा करू नये," आई म्हणाली. "घरात थट्टा करायला तुझा भाऊ आहे, तेवढा पुरे."

याला चव्वेचाळीस वर्षं झाली. सकाळी स्तोत्र म्हटल्याशिवाय मी कॉफीला तोंड लावत नाही, शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत काही खात नाही, आणि वाढताना दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणते. एरवी माझा आवाज इतका हळू की आब्रामदादा लोकांना सांगतो, "मीटाचं बोलणं ऐकायचंय? मग आधी तिच्या हातात पळी द्या."

आब्राम म्हणजे तोच भाऊ. थट्टा अजून चालूच आहे.

नवरा गेल्यावर मी गावाबाहेरच्या चित्त्यांच्या फार्मवर कामाला लागले. तिथे चित्ते जाळीत जन्मायचे, जाळीत वाढायचे आणि पाहुण्यांबरोबर फोटो काढून घ्यायचे. माझं काम मांसाच्या खोलीत. मांस तोडायचं, त्यावर हाडं बळकट करणारी पांढरी भुकटी भुरभुरायची आणि दुपारी चारला घमेली घेऊन जाळीशी जायचं. जाळीशी जाऊन मी काय करत असेन ते सांगायला नको. आईनं चार पायांचं स्पष्टच सांगितलं होतं. मी मोठ्यानं म्हणायचे, दहा श्वास थांबायचे आणि घमेलं आत सरकवायचे.

चित्तेही शिकले. माझा आवाज ऐकला की पुढचे पाय जुळवून, मान ताठ करून ओळीनं बसायचे. धक्काबुक्की नाही, गुरगुर नाही. पाहुण्यांना फार कौतुक वाटायचं. मलाही, खोटं कशाला बोलू, थोडा गर्व व्हायचा. आमच्या रविवारच्या वर्गातली मुलं इतकी शांत बसलेली मी कधी पाहिली नाहीत.

त्यातलीच एक किवीट. आमच्याकडे टिटवीला किवीट म्हणतात. चित्ता काही डरकाळी फोडत नाही, पाखरासारखा चिवचिवतो. आणि ही जन्मलीच मुळी बारीकशी, लांब तंगड्यांची, सगळ्यांत जास्त चिवचिवणारी. तिच्या आईनं तिला बाजूला टाकलं, तेव्हा दोन आठवडे ती माझ्या ॲप्रनच्या खिशात वाढली. दिवसातून आठ बाटल्या दूध, आणि दर बाटलीआधी प्रार्थना.

"आठ वेळा?" आब्राम म्हणाला. "अगं, एवढं देवाचं नाव पाद्रीबाबांच्याही कानावर पडत नसेल."

किवीट दोन वर्षांची झाली आणि ते फार्म बंद झालं. जवळच्या अभयारण्यानं तिथले तीन चित्ते घेतले, रानात सोडायला. आब्राम त्या अभयारण्यात माग काढायचं काम करतो, आयुष्यभर तेच करत आलाय. त्याच्या शब्दावर मलाही तिथे स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टर झोलेका या समुद्राकडच्या कोसा मुलखातल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बसवून समजावलं.

"मावशी, यांना पळायला शिकवावं लागत नाही. शिकारसुद्धा पडत-झडत जमते. शिकवायचं असतं ते एकच. माणूस आला म्हणजे जेवण आलं, हे विसरायला."

"आणि ते नाही विसरले तर?"

"मग कुंपणापलीकडे मेंढ्यांचे मालक आहेत. चित्ता माणसाला बघून पळाला तर ते गोळी झाडतात, बहुतेक वेळा चुकते. पळालाच नाही, तर कशी चुकेल?"

मी मान हलवली. नियम कडक होते. नावं घ्यायची नाहीत. किवीटची झाली 'नऊ नंबर'. मोठ्या कुंपणात तिला मांस टाकायचं ते गाडीला पडदे लावून, कधी सकाळी, कधी दोन दिवसांनी, वेळ ठरलेली नाही. कुणी बोलायचं नाही. आणि मी तर त्या बाजूला फिरकायचंच नाही, कारण मी ओळखीची. मी फिरकले नाही. रोज संध्याकाळी आब्राम कॉफी प्यायला यायचा, त्याच्याकडून खबर मिळे.

"आज तुझी नऊ नंबर शहामृगाच्या मागे लागली."

"मग?"

"मग शहामृग तिच्या मागे लागलं."

दुसऱ्या दिवशी तिनं एक कासव पकडलं होतं आणि तासभर त्याच्याभोवती बसून राहिली होती, झाकण कोण उघडून देतंय याची वाट बघत. मी हसले नाही. मला ती खिशातली आठवत होती. पण सातव्या आठवड्यात आब्राम आला तो थट्टा न करताच टेबलाशी बसला. टोपी काढून म्हणाला, "स्प्रिंगबोक हरीण मारलं तिनं. एकटीनं. मोठा नर होता. मी असं पळणं साठ वर्षांत पाहिलं नाही." त्या संध्याकाळी मी कॉफीत साखर दोनदा घातली, त्यानं तीही तशीच प्यायली.

आणखी तीन महिने ती आपल्या शिकारीवर जगली. मग तिच्या कुंपणाचं दार उघडलं आणि अख्खं अभयारण्य तिचं झालं. झोलेका त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता माणसांजवळ तिसऱ्यांदा आली, तर परत जाळीत. कायमची. वरून तसा हुकूमच आहे, माझ्या हातात नाही."

पहिली वेळ पंधरा दिवसांतच आली.

कुंपण दुरुस्त करणारी सहा माणसं कोरड्या नदीपाशी काम करत होती. त्यांचं जेवण मी पिकअपनं नेलं होतं: निखाऱ्यांवर भाजलेले पाव, मटण, लाल भोपळा. बाभळीखाली मांडलं, नदीकडे तोंड करून म्हटलं, आणि दहा श्वास मोजू लागले. सातव्याला नदीतल्या वेताच्या झाडीतून किवीट बाहेर आली. गळ्यात अभयारण्यानं घातलेला पट्टा, पोट खपाटीला नाही, चांगली भरलेली. वीस पावलांवर बसली. पुढचे पाय जुळवून.

कुणी हललं नाही. त्या माणसांबरोबर आलेला आब्राम तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आला, वाटेवरचा आला."

किवीटनं एकदा चिवचिवाट केला, अगदी नम्रपणे. आम्ही भांड्यांवर झाकणं घातली आणि सगळे उपाशीच गाडीत चढलो. झोलेकांनी वहीत लिहिलं: मटणाचा वास.

दुसरी वेळ ईस्टरच्या आदल्या शनिवारी. आमच्या चर्चच्या मंडळीचं जुनं कबरस्तान आता अभयारण्याच्या हद्दीत आहे. वर्षातून एक दिवस आम्हाला आत सोडतात. कबरींच्या दगडांना चुना लावायचा, काटेकुटे काढायचे आणि मग भिंतीच्या सावलीत सगळ्यांनी मिळून जेवायचं. चाळीसेक माणसं होती. जेवणाआधीची प्रार्थना आईनंतर माझ्याकडे आली आहे. मी भिंतीच्या फाटकाशी उभी राहून म्हटली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी दहा मोजून डोळे उघडले, तर फाटकाबाहेर किवीट बसलेली.

शेजारच्या सारलिनानं माझ्या कोपराला हळूच ढोसलं. "मीटे, तुझी पाहुणी. ताट वाढ."

"गप बस."

"गप काय बस? तुझा भाऊ वीस वर्षांत प्रार्थनेला आला नाही, आणि हे जनावर रानातून चालत येतं. बाई, ही देवाची करणी आहे. आब्रामला लाज वाटावी म्हणून पाठवलंय."

पाद्रीबाबा अजून डोळे मिटूनच होते. ते नेहमीच आमच्यापेक्षा थोडा जास्त वेळ मिटतात. मुलांना भिंतीवर चढवलं. आब्राम आमच्याबरोबर सोबतीला म्हणून आला होता. त्यानं दोन झाकणं एकमेकांवर आपटत तिला हाकललं. ती गेली, पण इतकं मागे वळून वळून बघत, की सारलिनासुद्धा म्हणाली, "अरेरे, थोडं तरी द्यायचं होतं."

मी त्या दिवशी आईच्या कबरीला चुना लावला तो ओघळ येईपर्यंत.

आब्राम मात्र त्यानंतर दोन दिवस कॉफीला आला नाही. माणूस अंगणात काय घडलं ते विसरतो, पण आब्राम मातीत काय लिहिलंय ते विसरत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो झोलेकांना घेऊनच माझ्या ओट्यावर आला.

"वास नव्हता," तो म्हणाला. "मी तिचा माग उलटा काढत गेलो. ती एका दगडाच्या सावलीत पडली होती, चांगली चारशे पावलांवर. वारा तिच्याकडून आपल्याकडे होता. तिला वास यायचं कारणच नाही. पण एका क्षणी ती उठली आणि नाकासमोर सरळ तुमच्याकडे आली. झुडपंसुद्धा वळसा न घालता. म्हणून मी आज गंमत केली."

"तुझी गंमत," मी म्हटलं.

"ऐक तर. पडदे लावून गाडीत बसलो. ती शंभर पावलांवर. आधी माझ्या आवाजात म्हटलं, 'देवा, दिलंस ते भरपूर आहे.' ढिम्म हलली नाही."

"तुझ्या आवाजाला देव तरी कुठे हलतो?"

"मग तुझ्या आवाजात म्हटलं. नक्कल माझी पन्नास वर्षांच्या सरावाची. बाईसाहेबांनी मान वर केली. उठून बसल्या. पाय जुळवले."

मग झोलेकांनी तोंडावर हात धरला. त्यांचे खांदे हलत होते. हसून हसून डोळ्यांत पाणी आल्यावर त्यांनी ते पुसलं, आणि पुसताना त्यांचा चेहरा बदलला.

"मावशी, मी वासावर उपाय केला, गाडीवर केला, वेळेवर केला. प्रार्थनेचं माझ्या वहीत नव्हतं."

मी म्हटलं, "मी निघून जाते. समुद्राकाठी माझी मुलगी आहे."

"त्यानं काय होईल? या खोऱ्यातल्या दर घरात हीच प्रार्थना म्हणतात. तुमच्या आईंनीच शिकवली ना सगळ्यांना? आब्रामकाकांच्या नकलेला ती उठून बसते, मग सारलिनाबाईंच्या आवाजाला का नाही बसणार? ती कुणाच्या तरी दाराशी जाणार. त्या दारामागे बंदूक असली तर?"

ज्या कामाचा मला गर्व होता, त्यानंच तिला जाळीत नाहीतर गोळीपुढे नेऊन बसवलं होतं. हे कुणी बोललं नाही. आब्रामसुद्धा.

"शिकवलं तुम्ही," झोलेका हळूच म्हणाल्या, "तर पुसायचंही तुम्हालाच. महिनाअखेरीला वरची माणसं येणार आहेत. तोवर चार आठवडे आहेत. माझ्या देखरेखीत केलं तर ते माणसांजवळ येणं धरणार नाहीत, एवढं मी कबूल करून घेते. रोज चारला पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्कीपाशी जायचं. मोठ्यानं म्हणायचं. रिकामं घमेलं ठेवायचं, दहा श्वास थांबायचं, घमेलं उचलायचं आणि चालायला लागायचं. मागे बघायचं नाही. रोज. ती येईनाशी होईपर्यंत. कराल?"

रिकामं घमेलं.

आईची दुसरी अट त्यांना कशी सांगणार? शिकलेली बाई, तिला वाटलं असतं, एका जनावराचा जीव एका वाक्यावर तोलतेय. आणि खरं तर मी तेच करत होते. मी म्हटलं, "वचन देते."

पहिल्या दिवशी मी गेले. पण स्वयंपाकघरातून निघताना हात अडखळला. चव्वेचाळीस वर्षं ज्या भांड्यावर हे म्हटलं, त्यात काही ना काही होतं. दुष्काळाच्या साली मक्याची मूठभर कांजी का असेना, पण होती. मी घमेल्यात मटणाचा एक तुकडा ठेवला. किवीटसाठी नव्हे. देवापुढे खोटं पडू नये म्हणून. म्हणायचं आणि तुकड्यासकट घमेलं उचलून परत यायचं, म्हणजे दोन्ही वचनं राहिली, असा माझा हिशोब.

पवनचक्कीपाशी घमेलं ठेवलं, म्हटलं, आणि सवयीनं डोळे मिटले. दहाव्या श्वासाला उघडले, तर तुकडा नव्हता आणि किवीट जिभेनं नाक पुसत होती. तिची काही चूक नाही. ती पुरते दहा थांबली होती.

संध्याकाळी आब्राम आला. कॉफीचा कप घेतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "घमेलं फार स्वच्छ घासलंयस."

"हो."

"इतकं चकचकीत तुझ्याही हातचं नसतं, आणि तुझा हात मला ठाऊक आहे. पवनचक्कीपाशी तिनं आज पंजांवर पंजे ठेवून आराम केलाय. जेवल्यावर करतात तसा." त्यानं कप खाली ठेवला. "मीटा, आता काय होणार ठाऊक आहे? आज तिला मिळालं, उद्या तिला वाटेल रोजचा नेम लागला. परवा ती पवनचक्कीवरच मुक्काम करेल. महिनाअखेरीला त्या माणसांना ती तिथेच सापडेल, आणि गाडी पिंजरा घेऊनच येईल. मी काही डॉक्टरांना सांगणार नाही. माती सांगते मला. मी मातीसारखा नाही."

मग मी त्याला आईची दुसरी अट सांगितली. तो ऐकत होता. मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. त्यानं फक्त डोकं खाजवलं.

"माझ्यामुळेच ना ती अट? 'थट्टेला भाऊ पुरे' वगैरे?"

"तुझ्यामुळे नाही. डब्यामुळे."

"बरं, डब्यामुळे. तर मला एक सांग, चारच्या सुमारास पवनचक्कीच्या पलीकडे काय असतं?"

"माळ."

"माळावर?"

"स्प्रिंगबोक असतात. पाण्याला येतात."

"किती?"

"मी काय मोजायला बसते?"

"मोजता येणार नाहीत इतके. आणि तू म्हणतेस रिकामं भांडं." आब्राम उठला आणि दाराची वरची फळी उघडून उभा राहिला, थेट आईसारखा, फक्त आईचं पोट एवढं सुटलेलं नव्हतं. "अगं, देवानं तिला वाढून ठेवलंय. भांडं जरा मोठं आहे, एवढंच. तू आपली घमेल्यात बघत बसतेस. घमेलं नेऊच नकोस. माळाकडे तोंड कर आणि म्हण. दिलंस ते भरपूर आहे. यात खोटं काय आहे?"

"हे तू आत्ता बनवून सांगतोयस."

"आत्ताच. पण खोटं काय आहे, ते सांग."

आईला हे पटलं असतं का, ते मला ठाऊक नाही. वीस वर्षं प्रार्थनेला न फिरकलेल्या माणसाकडून धर्म शिकावा लागतो, तेव्हा माणसानं जरा सावध असावं. रात्री अंथरुणावर पडून मी विचार केला, सकाळी स्तोत्राच्या वेळीही केला. वरून काही उत्तर आलं नाही. कॉफी उतू गेली तेवढी.

पण स्तोत्र संपता संपता एक गोष्ट मनात आली. आई दारात उभी राहायची ती भांड्याकडे पाठ करून. तिचं तोंड रस्त्याकडे असायचं. भांड्यात काय आहे ते मला दिसायचं, कारण ते माझ्या हातात होतं. तिला वाट दिसायची. हे काही उत्तर नव्हे, पण माझ्या पायांना तेवढं पुरलं.

दुसरा दिवस शुक्रवार होता. मीही उपाशी, आणि तिनंही उपाशीच परत जायचं, तेव्हा निदान त्या बाबतीत आमची बरोबरी होती. झोलेकांना मी सकाळीच जाऊन सगळं सांगितलं, तुकड्यासकट. आब्राम सांगणार नव्हता, पण मला लपवून पान गोड लागलं नसतं. शुक्रवारी तर पानच नसतं. त्यांनी वही उघडली, पेन हातात धरलं आणि परत मिटली.

"म्हणजे काल पहिला दिवस नव्हताच," त्या म्हणाल्या. "आज पहिला. आणि घमेलं नको? बरं, नको. पण मावशी, चार आठवड्यांनी ती तुमच्या आवाजाला पाठ दाखवेल. तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल. ते मला आधीच सांगून ठेवायचं होतं."

"तेच मागायचंय मला," मी म्हटलं. आजवर मी देवाजवळ माणसं दाराशी यावीत असंच मागत आले होते. कुणी येऊ नये असं मागायची ही पहिली वेळ.

साडेतीनला मी साबणानं दोनदा हात धुतले, मटणाचा वास राहू नये म्हणून. ॲप्रन काढून खुंटीला लावला. सारलिना कुंपणापाशी उभी राहून बघत होती, अर्थातच. तिला आब्रामनं सांगितलं नसेल तर वाऱ्यानं सांगितलं असेल.

"मीटे, आम्ही बायकांनी ठरवलंय," ती म्हणाली. "चार आठवडे कुंपणाकाठच्या घरांत कुणी मोठ्यानं म्हणणार नाही. हळू म्हणू. आणि वाटेवरचा कुणी उपाशी गेलाच, तर त्याचं पाप तुझ्या चित्तिणीच्या डोक्यावर."

"तुला हळू जमेल?"

"मला नाही जमणार. मी दार लावून म्हणेन."

आब्राम फाटकाशी वाट अडवून उभा होता. "खिसे," तो म्हणाला.

"दादा, मी त्रेपन्न वर्षांची आहे."

"म्हणूनच. खिसे."

मी झग्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकात रुमाल, दुसऱ्यात काही नाही. त्या दुसऱ्यात बोटं थोडी जास्त वेळ राहिली. त्यानं ते पाहिलं असावं, कारण पुढची थट्टा त्यानं केली नाही. नुसता बाजूला झाला.

मी दहा पावलं गेले आणि परत आले. स्वयंपाकघरात जाऊन खुंटीवरची पळी घेतली. स्वच्छ होती, कोरडी होती, तरी झग्याच्या टोकानं पुन्हा पुसली. ती हातात नसली तर माझा आवाज फुटत नाही, आणि आज तो माळाच्या पार टोकापर्यंत जायला हवा होता.

मग पवनचक्कीच्या वाटेला लागले.